सीजे थ्री बी जीपचे चारही ड्रम ब्रेक थकलेत: नीट दुरुस्त करू की पुढे डिस्क बसवू?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी. घरची जुनी सीजे थ्री बी आहे. इंजिन मागाहून डिझेल बसवलंय, आरसी बुकावर तशी नोंद आहे. ब्रेक मात्र मूळचेच: चारही चाकांना ९ इंची ड्रम, पायाखाली फ्लोअरच्या पत्र्याखाली एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलमधून चाकांना पोचवणारा), पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. गाडी रोजच्या कामाची आहे. दापोली तालुक्यात केळशीच्या अलीकडे आमची कलमं आहेत. तिथून हापूसच्या पेट्या सड्यावरून डांबरी रस्त्याला आणायच्या, परत जाताना शेणखत न्यायचं, अधूनमधून वेसवीच्या फेरीबोटीने बागमांडल्याला जायचं. हंगामात पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढायचा आणि येताना खताची पोती भरून उतरायचा. पुळणीवर गाडी घालत नाही, आमच्याकडे कासवं अंडी घालतात.

आता लक्षणं. पहिल्या दाबाला पेडल पार खाली जातं, दोनदा पंप केलं की वर येतं. जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर काळा ओघळ दिसतो. आणि पऱ्या (ओढा) ओलांडला की पुढचा बराच वेळ ब्रेक नसल्यातच जमा.

गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये चारही चाकांचे शू (ड्रमला आतून घासणारे) नवीन टाकून घेतले. ड्रम तासले नाहीत, फक्त पॉलिश पेपर मारला. महिनाभर बरं वाटलं, मग होतं तिथेच. आता दुसरा मेकॅनिक म्हणतोय, ड्रमच्या नादी लागू नका, पुढे डिस्क बसवा. खर्च मोठा आहे, पण घरातली सगळी याच गाडीत बसतात. जाणकारांनी मत द्यावं.

घाटउतार:

डिस्क टाक मित्रा, दुसरा विचार करू नकोस. मी पुढे डिस्क करून घेतल्यात. पाण्यातून बाहेर आलं की चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत पॅड डिस्क पुसून काढतो. ड्रममध्ये पाणी आणि माती आतच फिरत राहते. घाटात ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, शूपासून लांब जातो, पेडल खाली खाली जात राहतं. डिस्क उघडी असते, वाऱ्याने निवते.

लेथवाला:

घाटउतार यांचं म्हणणं चूक नाही, पण खाडीकाठ भाऊ, आधी तुमची लक्षणं वाचू. पंप केल्यावर पेडल वर येतं म्हणजे शू आणि ड्रममध्ये फट जास्त आहे. हवा असती तर पेडल स्पंजासारखं लागलं असतं. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं असतं तर मास्टरची बकेट (आतलं रबरी सील) गेली म्हटलं असतं, नाहीतर कुठे गळती. तुमचं दोन्ही नाही. नवीन शू टाकूनही फट राहते म्हणजे शूची गोलाई आणि ड्रमची गोलाई एक नाही.

गॅरेजने काय केलं असणार ते सांगतो. जुना ड्रम झिजून मोठा झालेला, कदाचित ओव्हलही. त्यात मूळ मापाचा नवा शू बसवला. मग शू मधोमध तेवढा टेकतो, दोन्ही टोकं हवेत. तेवढाच पट्टा घासतो, तापतो, चकचकीत होतो. शूवरचा लायनर (घासणारा थर) जाड दिसतो आणि ब्रेक मात्र लागत नाही.

हे घरी तपासता येतं. ड्रमच्या आतून शाळेतला पांढरा खडू आडवा फासा, सगळीकडे सारखा. चाक बसवून ब्रेक हलका लागेल इतपत अॅडजस्ट करून हाताने दोन-तीन फेऱ्या फिरवा. उघडून शू बघा. खडू फक्त मधल्या दोन बोटांच्या पट्ट्यात उठला असेल तर माझं निदान बरोबर. टोकापासून टोकापर्यंत उठला तर शू ठीक, मग दुसरीकडे बघू.

ड्रम मोजल्याशिवाय लेथवर चढवू देऊ नका. ९ इंच म्हणजे २२८.६ मिमी. साधारण ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे व्यासात दीड मिमी, वाढेपर्यंत तासून चालतो. त्यापुढे भिंत पातळ होते, तापल्यावर फुगते आणि तडकू शकते. कमाल माप ड्रमवर उठवलेलं असेल तर तेच धरा. एका अॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला तासायचे. एकच तासला तर गाडी ओढणारच. तासून झाल्यावर नवा लायनर त्या मापाला घासून घ्यायचा. ही शेवटची पायरी बहुतेक जण सोडतात आणि मग दोष ड्रम ब्रेकला देतात.

मालवणी_मानूस:

माझ्याकडे पण तीच गाडी आसा. लेथवाले सांगतत ता खरा. माका पण लोक डिस्क घाल म्हणी होते, मी ड्रम तासून, लायनर मारून घेतलंय. आंबोली उतरताना काय एक त्रास नाय. पण पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा चारय ड्रम उघडून साफ करूचे लागतत, ता चुकवून चालाचा नाय.

रानवाट:

मी मेकॅनिकल शिकलेय आणि माझी स्वतःची जीप आहे, रत्नागिरीत. दोन गोष्टी जोडते.

मागच्या उजव्या चाकाचा ओघळ बोटावर घेऊन वास बघा. उग्र, गंधकासारखा वास आला तर ते डिफरेन्शियलचं गिअर ऑइल आहे, म्हणजे शाफ्टचं ऑइल सील गेलंय. पातळ असेल आणि रंगावर पडल्यावर रंग फुगत असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर (चाकातला, शू ढकलणारा) गळतोय. दोन्ही बाबतीत लायनर तेल प्यायला असेल तर तो बाद. पेट्रोलने धुऊन, जाळून पुन्हा वापरतात, तसं करू नका. तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं.

सील का जातं तेही बघा. अॅक्सलच्या नळीवर ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, असतो, बोटाच्या पेराएवढा. आपल्या तांबड्या मातीने तो बुजतो. मग तापलेल्या अॅक्सलमधली हवा सीलमधून वाट काढते आणि तेल थेट शूवर येतं. तोच तापलेला अॅक्सल थंड पऱ्यात शिरला की उलट पाणी आत ओढून घेतो. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चेसिसच्या वर नेऊन ठेवा. फार स्वस्त काम आहे आणि कोकणात ते केल्याशिवाय सील टिकत नाही.

डावीकडे ओढते याचा अर्थ बहुधा पुढचं उजवं चाक कमी ब्रेक घेतंय. तिथे नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) सीलमधून ग्रीस आत आलंय का, की व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलाय, ते उघडल्यावर कळेल. या ९ इंची ब्रेकला पुढचा व्हील सिलिंडर १ इंची आणि मागचा पाऊण इंची असतो. बाहेरून सारखेच दिसतात. कुणी मागचा पुढे बसवला असेल तर ते चाक कधीच पुरेसा जोर देणार नाही. बोअरचं माप प्रत्येकाचं घ्या.

आणि एक कळकळीचं सांगणं. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका, मुलं जवळ असतील तर अजिबातच नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करूनच पुसा.

जुना_ड्रायव्हर:

नव्या जमान्याच्या गाड्या आल्या नव्हत्या तेव्हापासून घाट चालवतोय, एसटीतही आणि घरच्या जीपवरही. कुंभार्ली असो, आंबा असो, आंबेनळी असो, नियम एकच. ज्या गिअरमध्ये गाडी चढली, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही. वळणाआधी एकदा ठामपणे दाबायचा, वेग उतरला की सोडायचा, म्हणजे ड्रमला निवायला वेळ मिळतो. पोती भरून न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या माणसाला चारही चाकांना डिस्क दिल्या तरी पुरणार नाहीत.

पऱ्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या गिअरमध्ये गाडी चालती ठेवून डाव्या पायाने पेडल हलकं दाबून धरा. शू गरम होतात, पाणी वाफ होऊन जातं. पेडलला पूर्वीसारखी पकड जाणवेपर्यंत वेग वाढवू नका.

खाडीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी भावाला घेऊन पुढची दोन आणि मागचं उजवं चाक उघडलं. मागच्या हबला पुलर आणला होता, हातोडा मारला नाही.

पुढच्या उजव्या व्हील सिलिंडरचा रबरी बूट मागे सारला तर आतून तपकिरी, दाणेदार पाणी गळलं. पिस्टन एकाच बाजूचा सरकत होता. दुसरा बाजूच्या पान्याने दाबूनही हलेना. काढल्यावर बोअरमध्ये खालच्या बाजूला, जिथे पाणी साचतं तिथे, मोहरीएवढे खड्डे दिसले. वरची बाजू मात्र आरशासारखी. पुढच्या डाव्याचा सिलिंडर ठीक आहे. खडूची परीक्षा दोन्ही पुढच्या चाकांना केली, खडू मधल्या पट्ट्यातच उठला. मागचा ओघळ गिअर ऑइलचा निघाला, ब्रीदर मातीने गच्च बसलेला.

ड्रम चिपळूणला मोजून घेतले. दोन्ही पुढचे तासण्याजोगे आहेत. मागच्या उजव्याला आतून उभे तडे दिसताहेत.

प्रश्न असे: व्हील सिलिंडर होन मारून (आतून घासून गुळगुळीत करून) रबराचं किट टाकू की नवीन घेऊ? आणि हे सगळं केल्यावर डिस्कचा विषय संपला का?

रानवाट:

खड्डे पडलेल्या बोअरला होन मारून उपयोग नाही. खड्डा जाईपर्यंत घासलं तर बोअर मोठा होतो आणि बकेट बसत नाही. कमी घासलं तर बकेटची कड त्या खड्ड्यावर कापली जाते. नवीन घ्या, आणि एकच न घेता पुढचे दोन्ही घ्या. किट बसवताना रबर पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवू नका, फुगतं. ब्रेक ऑइलमध्येच धुवा.

खालच्या बाजूचे खड्डे म्हणजे तुमचं ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यायल्यावर ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चं २३० आणि १५५. घाटात उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट फ्लोअरला टेकतं. आपल्या हवेत दरवर्षी पावसाळा संपला की सगळं ऑइल काढून ताजं डॉट ४ भरा. डॉट ३ मध्ये ते मिसळलं तरी चालतं. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र टाकू नका, त्यात पाणी विरघळत नाही, ते थेट सिलिंडरच्या तळाशी जाऊन बसतं.

पाइपही हाताने चाचपून बघा, विशेषतः मागच्या अॅक्सलवरचे आणि क्लिपखाली झाकलेले. खारं वारं आणि फेरीच्या धक्क्यावरचं उडालेलं पाणी क्लिपमध्ये अडकून राहतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पापुद्रा निघाला तर पाइप बदला. साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून लावतात, पण ती थरथरीने ताठरून चिरते. तांबं-निकेलच्या मिश्रणाची नळी मिळाली तर ती घ्या, गंजत नाही आणि टिकतेही. टोकाला दुहेरी फ्लेअरच (दुहेरी दुमडून फुलवलेलं तोंड) हवा.

लेथवाला:

तडे नुसत्या पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेषा असतील तर तासल्यावर जातात. पण नख अडकत असेल किंवा रेघ कडेपर्यंत गेली असेल तर तो ड्रम भंगारात. मागचे दोन्ही ड्रम जोडीने नवीन घ्या.

शू बसवताना एक जपा. एकाच चाकाच्या दोन शूंना लायनर कमीजास्त लांबीचे असू शकतात, उघडण्याआधी फोटो काढलाय ना? खालच्या अँकर पिनाही एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेल्या) असतात, फिरवल्या की शू वरखाली सरकतो. फीलर गेजने खालच्या टोकाला ५ थाऊ आणि वरच्या टोकाला ८ थाऊ फट ठेवायची, मग रोजची अॅडजस्टमेंट वरच्या कॅमने. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल हवीच. ती नसेल तर मास्टरचं बारीक भोक उघडत नाही, तापलेलं ऑइल परत टाकीत जात नाही आणि ब्रेक स्वतःहून पकडून बसतो.

हवा काढायची ती सगळे शू अॅडजस्ट केल्यावरच. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

घाटउतार:

मान्य, त्याचे ड्रम कधी नीट झालेच नव्हते. पण डिस्कबद्दल अजूनही माझं मत तेच आहे, फक्त त्यात काय काय येतं ते सांगायला हवं होतं. ड्रममध्ये पुढचा शू फिरण्याच्या दिशेने स्वतःच आवळला जातो, म्हणून बूस्टरशिवाय भागतं. डिस्कला तो आधार नाही. पाय फार जड होतो म्हणून मला बूस्टर लावावा लागला, आणि डिझेल इंजिनला व्हॅक्यूम मिळत नाही म्हणून मागे पंप असलेला आल्टरनेटर. मूळ मास्टरमध्ये ड्रमसाठी दाब धरून ठेवणारा झडप असतो, तो तसाच राहिला तर पॅड कायम घासत राहतात. आणि मास्टर फ्लोअरखाली असेल तर कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागातलं) ऑइल मागे वाहून येऊ नये म्हणून दोन पीएसआय दाबाचा झडप लागतोच. शिवाय कॅलिपरच्या सरकत्या पिना आपल्याकडे गंजून अडकतात, त्यांना रबराला चालणारं ग्रीस लावावं लागतं.

रानवाट:

घाटउतार, हे सगळं लिहिलंत ते बरं केलंत. खाडीकाठ, माझ्या मते पैसे खर्च करायचेच असतील तर आधी डिस्कवर करू नका, दोन सर्किटच्या मास्टर सिलिंडरवर करा. आज तुमच्या गाडीत एक पाइप फुटला, एक बकेट उलटली, की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. पुढचे ड्रम कितीही नवे असोत. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन सर्किट सक्तीची झाली ती याच कारणाने. पुढची दोन चाकं एका सर्किटवर, मागची दुसऱ्यावर. एक गेलं तरी पेडल खाली जाईल, पण गाडी थांबेल.

बोअर मूळचाच १ इंची ठेवा म्हणजे पेडलची चाल आणि पायाचा जोर फारसा बदलणार नाही. चारही ड्रमच राहणार आहेत तर झडपही ड्रमचेच. टाकी वेगळी, नळीने जोडलेली, बॉनेटखाली घ्या. आज तुम्ही ऑइल बघायला फ्लोअरचं झाकण उघडता तेव्हा पायाची सगळी माती त्या बुचाभोवती गोळा झालेली असते, त्यातली चिमूटभर आत पडली की बकेटवर चरे पडतात. ते कायमचं सुटेल. ब्रॅकेट मात्र जाड पत्र्याचं, चेसिसला बोल्टने पक्कं. पूर्ण जोराने पेडल दाबताना दुसऱ्याने खाली वाकून बघावं, ब्रॅकेट तसूभरही हलता कामा नये.

मालवणी_मानूस:

ताई, ह्या मी करून घेतंय. माका कोणी सांगलाच नव्हता.

जुना_ड्रायव्हर:

ताईंचं मलाही शंभर टक्के पटलं. पुढचा भाग कागदपत्रांचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. अॅक्सल बदलून डिस्क करायचं कधी ठरलं तर आधी आरटीओत विचारा. इंजिनाची नोंद केलीत म्हणजे ती वाट तुम्हाला माहीत आहे.

खाडीकाठ:

ठरलं. पुढचे ड्रम तासायला दिले, मागचे नवीन. चारही चाकांच्या शूंना लायनर नव्याने मारून ड्रमच्या मापाला घासून घेणार. पुढचे दोन्ही व्हील सिलिंडर, सगळे पाइप, मागची दोन्ही ऑइल सील आणि दोन सर्किटचा मास्टर. डिस्क तूर्त नाही.

एकच राहिलं. हँडब्रेक. फेरीच्या उतारावर रांगेत उभं असताना तो धरत नाही, घरातलं कुणीतरी उतरून दगड लावतं. तोही याच कामात होईल का?

लेथवाला:

होईल, पण तो वेगळा ब्रेक आहे. तुमच्या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागच्या बाजूला छोट्या ड्रमवर आहे, तो मागच्या प्रोपेलर शाफ्टला अडवतो. तिथलं ऑइल सील गळलं की ट्रान्सफर केसचं तेल थेट त्या शूवर येतं. आधी सील, मग शू, मग केबल. नुसती केबल आवळून काही होत नाही.

दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. चालत्या गाडीत तो ओढायचा नाही, सगळा झटका शाफ्ट आणि डिफरेन्शियलवर येतो. आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं की तो ब्रेक असून नसल्यासारखा, कारण डिफरेन्शियलमुळे उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक गाडीला घेऊन निघतं. तेव्हा दगड सोडू नका. चाक उचलायच्या आधी पुढच्या दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी लावा.

खाडीकाठ:

हे माहीत नव्हतं. आजच भावाला सांगतो, पंक्चर तोच काढतो. ट्रान्सफर केसचं सीलही यादीत घातलं.